कलेजी कोणती, हृदय कोणतं? वाचकांचे प्रश्न, शरीराची उत्तरं

या वेळची बहुतेक पत्रं एएनएम-जीएनएम या नर्सिंगच्या अभ्यासक्रमांच्या पहिल्या वर्षाच्या मुलींची आणि अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांची आहेत. पुस्तकातली नावं पाठ होतात, पण ती आपल्याच अंगावर कुठं बसतात ते कळत नाही, ही जवळपास सगळ्यांची अडचण. म्हणून उत्तरं देताना जिथं हात लावून पाहता येईल तिथं तसंच सांगितलं आहे.

प्रश्न : पुस्तकात यकृत उजवीकडे असतं असं लिहिलंय आणि चित्रात ते डावीकडे काढलंय. नक्की कुठं? शिवाय प्रॉक्सिमल-डिस्टल, मिडिअल-लॅटरल यांत दर वेळी गोंधळ होतो.
— जीएनएम प्रथम वर्ष, आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : चित्र आणि मजकूर दोन्ही बरोबर आहेत. चित्रातला माणूस तुमच्याकडे तोंड करून उभा आहे, त्यामुळे त्याची उजवी बाजू तुमच्या डाव्या हाताला येते. शरीररचनेत डावं-उजवं नेहमी त्या शरीराचं धरायचं, बघणाऱ्याचं कधीच नाही. ही सवय पहिल्याच महिन्यात लावून घ्या. पुढं वॉर्डात चुकीच्या बाजूची नोंद झाली तर ती निस्तरणं अवघड जातं.

सगळ्या दिशा एकाच उभं राहण्यावरून ठरतात : ताठ उभं, नजर समोर, पावलं जवळ, हात बाजूला आणि तळवे पुढं. तळवे पुढंच का, हे स्वतःवर बघा. उजव्या हाताचं कोपर काटकोनात वाकवून तळवा आभाळाकडे करा आणि डाव्या हातानं पुढचा हात मनगटाच्या जरा वर धरा. आता तळवा जमिनीकडे फिरवा. अंगठ्याकडचं हाड, म्हणजे रेडियस, करंगळीकडच्या अल्नावरून आडवं गेल्याचं बोटांना कळेल. तळवे मागं करून उभं राहिलं तर ही दोन हाडं एकमेकांवर फुली मारतात आणि 'अंगठा बाहेरच्या बाजूला' हे वाक्यच खोटं ठरतं.

शरीराच्या मधोमध, नाकापासून बेंबीपर्यंत एक उभा दोरा धरला आहे असं समजा. दोऱ्याकडे ते मिडिअल, दोऱ्यापासून लांब ते लॅटरल. प्रॉक्सिमल आणि डिस्टल हे शब्द प्रामुख्यानं हातापायांसाठी : धडाला जिथं ते जोडलेत त्या जागेच्या जवळ ते प्रॉक्सिमल, लांब ते डिस्टल. कोपर मनगटापेक्षा प्रॉक्सिमल, घोटा गुडघ्यापेक्षा डिस्टल. दोन जागांची तुलना असेल तरच हे शब्द वापरायचे. 'कोपर प्रॉक्सिमल आहे' एवढंच लिहिलं तर ते अर्धवट उत्तर.

इथं मराठी तुमच्या मदतीला येते. पुस्तकातला 'आर्म' म्हणजे अख्खा हात नव्हे, तो आपला दंड : खांद्यापासून कोपरापर्यंतचा भाग. तसाच 'लेग' म्हणजे गुडघ्यापासून घोट्यापर्यंत. त्याच्या वरची ती मांडी, खालचं ते पाऊल. हे वेगळे शब्द आपल्याकडे घरोघरी आहेत, मग 'हात' आणि 'पाय' एवढ्यावर भागवू नका.

प्रश्न : आजी 'काळजाचा ठोका चुकला' म्हणते आणि छातीवर हात ठेवते. मटणाच्या दुकानात काळीज मागितलं तर गर्द तपकिरी, लिबलिबीत तुकडा देतात. खरं काळीज कोणतं? आणि आमच्या कॉलेजात हृदय उघडून बघायची सोय नाही, बोकडाचं हृदय आणून घरी बघता येईल का?
— बारावी विज्ञान, सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : बोलण्यात काळीज म्हणजे हृदय आणि दुकानात काळीज किंवा कलेजी म्हणजे यकृत. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, म्हणून उत्तरपत्रिकेत 'काळीज' लिहूच नका. यकृत उजव्या बरगड्यांच्या आड, श्वासपटलाखाली असतं. मोठ्या माणसात त्याचं वजन साधारण दीड किलो. हृदय त्या माणसाच्या मुठीएवढं, दोन फुप्फुसांच्या मध्ये, छातीच्या मधल्या हाडामागं. ते 'डावीकडे' नसतं, मधोमध असतं, पण त्याचा सुमारे दोनतृतीयांश भाग मध्यरेषेच्या डावीकडे झुकलेला असतो.

त्याचं टोक कुठं आहे ते आधी शोधा. गळ्याखालच्या खळगीत बोट ठेवून छातीच्या हाडावरून सरळ खाली या. साधारण तीन बोटांवर एक आडवा उंचवटा लागतो. त्याच्या रेषेत बाजूला जी बरगडी येते ती दुसरी. तिच्या खालची फट दुसरी. तिथून डावीकडे फटी मोजत पाचव्या फटीवर या आणि गळपट्टीच्या हाडाच्या मध्यापासून खाली सोडलेल्या रेषेपाशी तळवा ठेवा. ठोका लागला नाही तर थोडं पुढं झुका किंवा डाव्या कुशीवर व्हा. पहिल्या बरगडीपासून मोजायला जाऊ नका, ती गळपट्टीच्या हाडाआड दडलेली असते आणि सगळी मोजणी एकानं चुकते.

बोकडाचं हृदय माणसाच्या हृदयासारखंच चार कप्प्यांचं आहे, आणि ते घरी नक्की बघता येतं. दुकानदाराला सकाळीच सांगून ठेवा : "दिल चिरू नका, वरच्या नळ्या दोन-तीन बोटं लांब ठेवा." हे सांगितलं नाही तर तो सवयीनं नळ्या मुळाशी कापतो आणि रक्त काढायला उभी चीर देतो. मग झडपा बघायला काही उरत नाही. फ्रीजरमध्ये गोठवलेलंही नको, सुटल्यावर त्याचे स्नायू मऊ पडून फाटतात.

साहित्य थोडंच : परात, हातमोजे, नवं ब्लेड किंवा बारीक धारेची सुरी, बोथट टोकाची पेन्सिल, मोजपट्टी, एक ग्लास पाणी.

नळाखाली धरून आतल्या गाठी बोटानं काढा. आता समोरची बाजू ओळखा : जी बाजू जास्त फुगीर आहे आणि जिच्यावर चरबीची तिरकी रेघ दिसते, ती समोरची. त्या रेघेतून हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या जातात. टोक खाली, फुगीर बाजू तुमच्याकडे ठेवून दोन्ही बाजू चिमटीत दाबा. घट्ट लागते ती डावी, आणि चित्रासारखीच ती तुमच्या उजव्या हाताला आहे.

वर नळ्यांची तोंडं दिसतील. सगळ्यांत पुढं निघालेली ती फुप्फुसांकडे जाणारी. तिच्या मागची जाड, पिवळसर, दाबली तरी तोंड उघडं राहणारी ती महाधमनी. प्रत्येकीत पेन्सिल हळूच सरकवा आणि ती कुठल्या कप्प्यात उतरते ते बाहेरून चाचपा. 'डाव्या कप्प्यातून महाधमनी निघते' हे वाक्य यानंतर पाठ करावं लागत नाही.

कापण्याआधी पाण्याची परीक्षा घ्या. महाधमनीचं तोंड वर धरून तिच्यात हळूहळू पाणी ओता. तळाशी चंद्रकोरीसारखे 3 पडदे पाण्यानं फुगून एकमेकांना चिकटतात आणि पाणी वरच अडतं. पातळी सावकाश उतरली तर घाबरू नका : पडद्यांच्या लगेच वर दोन बारीक छिद्रं असतात, त्यांतून हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त जातं, पाणी तिकडं झिरपतं. पण पाणी धाडकन आत गेलं तर एक तर गाठ अडकून पडदे उघडे राहिलेत किंवा सुरीनं फाटलेत. आता डाव्या वरच्या कप्प्याची पातळ भिंत कापून टाका, खालच्या कप्प्यात पाणी भरा, महाधमनी चिमटीत धरून कप्पा मुठीनं दाबा. दोन पांढरे पडदे वर फुगून येतील आणि मिटतील. हीच मिट्रल झडप. हृदयाचा पहिला 'लब' आवाज मुख्यतः ही आणि उजवीकडची तिची जोडीदार झडप मिटताना येतो, दुसरा 'डब' नळ्यांच्या तोंडाशी असलेल्या चंद्रकोरी मिटताना.

मग डावी भिंत वरपासून टोकापर्यंत चिरा, उजवी चरबीच्या रेघेपासून बोटभर दूर. दोन्ही भिंतींची जाडी मोजपट्टीनं मोजा. डावी उजवीच्या दोन-तीन पट निघते. कारण कामात आहे : माणसात उजव्या कप्प्याला फुप्फुसांपर्यंत रक्त ढकलायला सुमारे 25 मिलिमीटर पाऱ्याचा दाब पुरतो, डाव्याला डोक्यापासून पायापर्यंत पोचवायला सुमारे 120 लागतो. दोन्हीकडून जाणारं रक्त मात्र सारखंच : दर ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला 5 लिटरच्या आसपास. 'डाव्या बाजूनं जास्त रक्त जातं म्हणून ती जाड' असं बरेच जण लिहितात, ते चूक आहे. उजव्या बाजूनं दर ठोक्याला थोडंही जास्त गेलं तर काही मिनिटांत फुप्फुसांत पाणी साचेल.

आतले पांढरे दोरे ओढून बघा, ते तुटत नाहीत. झडप उलटी पलटू नये म्हणून ते तिला खालून धरून ठेवतात. काम झाल्यावर हात साबणानं धुवा आणि तुकडे कुत्री उकरणार नाहीत एवढ्या खोल पुरा. ते टिकवायला फॉर्मलिन घरात आणू नका, त्याच्या वाफा डोळ्यांना आणि श्वासाला वाईट.

प्रश्न : एकाच बाईचं बीपी सकाळी 150 आणि दुपारी 126 आलं. मशीन बिघडलं म्हणायचं का?
— आशा स्वयंसेविका, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, मशीनवर शंका घेण्याआधी बाई कशी बसली होती ते आठवा. रक्तदाब हा शरीरातला ठरलेला आकडा नाही, तो दर ठोक्याला बदलतो. हृदय किती जोरात ढकलतंय आणि बारीक धमन्या किती आवळल्यात यावर तो ठरतो. वावरातून चालत आलेली, लघवी अडवून बसलेली किंवा बोलत असलेली बाई घेतली तर आकडा वरच येणार. खर्रा नुकताच खाल्ला असेल तरी येणार, कारण तंबाखूतलं निकोटिन धमन्या आवळतं आणि ठोके वाढवतं. चहा, खर्रा, विडी यांनंतर अर्धा तास थांबा. मग 5 मिनिटं पाठ टेकवून, पावलं जमिनीला, पाय न अडकवता बसवा आणि मोजताना दोघींनीही बोलू नका.

सगळ्यांत जास्त चूक हाताच्या उंचीत होते. दंड हृदयाच्या पातळीला हवा. तो 10 सेंटिमीटर खाली लोंबला तर आकडा साधारण 7-8 मिलिमीटरनं वाढतो, कारण तेवढ्या उंचीच्या रक्ताचं वजन त्यात मिळतं. खाटेवर बसलेल्या बाईचा हात मांडीवर असतो, आणि तिथंच घोळ होतो. हाताखाली उशी किंवा घडी केलेली चादर ठेवा.

पट्टा उघड्या दंडावर, त्याची खालची कड कोपराच्या वळीपासून दोन बोटं वर. आतल्या रबरी पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या 80 टक्के आणि रुंदी 40 टक्के असावी. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा फुकटच वाढतो. स्टेथोस्कोपनं घेत असाल तर आधी मनगटाची नाडी चाचपत हवा भरा, नाडी गेली की आणखी 30 वर न्या आणि मग सेकंदाला 2-3 मिलिमीटरनं सोडा. काही जणांत आवाज मध्येच गायब होऊन परत येतो. नाडी न चाचपता कमी हवा भरली तर वरचा आकडा हुकतो. भराभर हवा सोडणं ही घाईतली चूक, तिनं वरचा आकडा कमी आणि खालचा जास्त लिहिला जातो. एक-दोन मिनिटांच्या अंतरानं दोनदा घ्या आणि सरासरी लिहा. एवढं करूनही 140/90 किंवा त्याहून वर पुन्हा-पुन्हा आलं तर डॉक्टरांकडे पाठवा. गरोदर बाईत 140/90 एकदाच आलं तरी वाट बघू नका, त्याच दिवशी पाठवा.

प्रश्न : मे महिन्यात 45 अंशात निभतं, पण पहिला पाऊस पडून गेल्यावर 36-37 अंशांत जीव नकोसा होतो. असं का? आणि कूलर लावूनही कधीकधी अंग चिकट का होतं?
— अकरावी विज्ञान, हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : या प्रश्नात घामाचं सगळं शास्त्र आहे. शरीर काम करतं तेव्हा उष्णता तयार होते आणि ती बाहेर टाकावीच लागते. हवा थंड असली की त्वचेवरची उष्णता आपसूक हवेत जाते. पण त्वचेचं तापमान साधारण 33 ते 35 अंश. बाहेर 45 असेल तर उलट हवाच अंगाला तापवते. मग एकच वाट उरते : घाम वाळणं. 1 लिटर घाम पूर्ण वाळला तर तो अंगातली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. 'वाळला तर' हे महत्त्वाचं. जो घाम कपाळावरून टपकून जमिनीवर पडला, त्यानं अंग जराही गार झालं नाही, फक्त पाणी आणि मीठ गेलं.

मेमधली विदर्भाची हवा कोरडी असते, घाम आला-आला तोच वाळतो, म्हणून अंग ओलंही वाटत नाही. माठ या दिवसांत छान गार होतो तोही याच कारणानं. पाऊस पडून गेल्यावर हवेत आधीच ओल असते, घाम वाळायला जागाच नसते. माठही तेव्हा नीट गार होत नाही, बघा.

कूलर हा मोठा माठच आहे. वाळ्याच्या ओल्या ताटीतून हवा जाताना पाणी वाळतं आणि हवा गार पण ओली होऊन खोलीत येते. खोली बंद असेल तर ही ओल साचत जाते, तासाभरात घाम वाळेनासा होतो आणि अंग चिकट होतं. कूलरसमोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवा. जून-जुलैत ओल हवेतच असते, तेव्हा पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालवलेला बरा.

उष्माघात आणि ताप यांतला फरकही इथंच समजून घ्या. तापात मेंदूतला हायपोथॅलॅमस स्वतःच तापमानाची ठरलेली पातळी वर नेतो, म्हणून थंडी वाजते आणि पॅरासिटामॉल लागू पडतं. उष्माघातात ठरलेली पातळी तीच असते, उष्णता बाहेर टाकण्याची सोयच कोलमडलेली असते. म्हणून पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. अंग 40 अंशांवर तापलेलं आणि माणूस बरळतोय, झटके येतायत किंवा शुद्ध हरपलीय, तर तो उष्माघात धरा. 'घाम आहे म्हणजे उष्माघात नाही' ही समजूत जीवघेणी आहे, वावरात राबताना कोसळलेल्याला भरपूर घाम असू शकतो. सावलीत घ्या, कपडे सैल करा, सगळ्या अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन करा. गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, तो श्वासनळीत जातो.

शुद्धीवर असलेल्या, पण थकून गेलेल्याला ओआरएस द्या. मोठं पाकीट म्हणजे 20.5 ग्रॅम, ते अख्खं 1 लिटर पाण्यात. ग्लासात अंदाजानं अर्धं पाकीट टाकू नका, घट्ट द्रावण आतड्यात उलट पाणी ओढतं. त्यात साखर चवीला नसते. लहान आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम यांना एकत्र आत घेणारं दार आहे, त्या दोघांमागून पाणी जातं. नुसत्या मिठाच्या पाण्यानं ते दार तितकं उघडत नाही.

थोडक्यात

*पुरुषाला एक बरगडी कमी असते का?* (मेहकर, जि. बुलडाणा) नाही. दोघांनाही 12 जोड्या. क्वचित एखाद्याला मानेपाशी जास्तीची बरगडी असते, पण त्याचा स्त्री-पुरुष असण्याशी संबंध नाही.

*बेंबी सरकते का?* (धारणी, जि. अमरावती) बेंबी ही नाळ पडून गेल्यावर राहिलेली खूण आहे. तिच्यामागं जुन्या नळ्यांचे सुकलेले दोरे असतात, एक यकृताकडे, बाकीचे मूत्राशयाच्या बाजूनं खाली. ती सरकू शकत नाही. 'बेंबी सरकली' म्हणून पोट चोळण्यात वेळ गेला आणि दुखणं बेंबीपासून उजव्या कुशीत खाली उतरलं, तर ते अपेंडिक्स असू शकतं. चोळू नका, दवाखान्यात न्या.

*नाडी अंगठ्यानं का बघू नये?* (पुसद, जि. यवतमाळ) अंगठ्याला स्वतःची ठसठशीत नाडी असते, ती रुग्णाची समजून मोजली जाते. तर्जनी आणि मधलं बोट वापरा, आणि ठोके अनियमित वाटले तर पूर्ण 60 सेकंद मोजा.

प्रश्न : शिबिरात माझा सिकलसेलचा रिपोर्ट 'एएस' आला. मी रुग्ण आहे का? लग्नाआधी सांगावं लागेल का?
— एएनएम विद्यार्थिनी, कुरखेडा, जि. गडचिरोली

उत्तर : नाही, तुम्ही वाहक आहात. हिमोग्लोबिन कसं बनवायचं याच्या सूचना, म्हणजे जनुकं, आपल्याला दोन मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. तुमच्याकडे एक नेहमीची 'ए' आणि एक बदललेली 'एस' आहे. 'ए' पुरेसं काम सांभाळते, म्हणून वाहकाला सहसा त्रास नसतो. दोन्ही 'एस' असतील तर 'एसएस', म्हणजे सिकलसेलचा रुग्ण.

बदल किती लहान आहे बघा : हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. पण प्राणवायू सोडल्यावर असे रेणू एकमेकांना चिकटून लांब दांड्या बनतात आणि मऊ, गोल लाल पेशी विळ्यासारखी वाकडी, ताठ होते. नेहमीची पेशी वाकून बारीक केशिकांतून निघून जाते, ही अडकते. मागं रक्त पोचत नाही, आणि हाडांत, पोटात, छातीत असह्य कळा येतात. वारंवार वाकून ती लवकर फुटते : नेहमीची लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही 10 ते 20 दिवस. रक्त कमी पडतं ते यामुळे. म्हणून लोह कमी आहे की नाही हे न तपासता या रुग्णांना लोहाच्या गोळ्या देत राहणं चूक आहे.

बाळाला पहिले काही महिने त्रास दिसत नाही, कारण गर्भातलं वेगळं हिमोग्लोबिन तोवर रक्तात असतं. साधारण सहा महिन्यांनंतर ते कमी होतं आणि हातापायांची बोटं सुजून बाळ रडू लागतं. पाणी कमी पिणं, कडाक्याची थंडी, ताप, अति श्रम यांनी कळा वाढतात. कारण पुन्हा तेच : रक्त घट्ट झालं किंवा प्राणवायू कमी पडला की दांड्या बनतात.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गणितात आहे. नवरा 'एए' असेल तर एकही मूल 'एसएस' होणार नाही. तोही 'एएस' असेल तर प्रत्येक गरोदरपणात 'एसएस'ची शक्यता 25 टक्के, 'एएस'ची 50, 'एए'ची 25. प्रत्येक गरोदरपणात. पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो, कारण नशिबाला मागची खेप आठवत नाही. म्हणून होय, लग्न ठरवताना सांगा आणि समोरच्याचीही तपासणी मागा. यात लाजेचं काही नाही, आणि हे फक्त मुलीनं सांगायचं असंही नाही.

एक गोष्ट रिपोर्टवर नीट बघून घ्या. शिबिरात आधी होते ती विद्राव्यता चाचणी, म्हणजे नळीतलं द्रावण गढूळ झालं का ते बघणं. ती 'एस' आहे एवढंच सांगते, 'एएस' की 'एसएस' हे सांगू शकत नाही. तुमच्या कागदावर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या चाचण्या) असं लिहिलेलं असेल तर 'एएस' पक्कं धरा. नसेल तर ती दुसरी चाचणी करून घ्या.